कापलेला कर परत मिळवायचा तर

उसाचा गळीत हंगाम आटोपता आटोपता आर्थिक वर्षही ३१ मार्चला संपते. शहादा तालुक्यात सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरात आणि आसपासच्या गावांत हे दोन हिशेब जवळपास एकदमच बंद होतात. कारखान्यातला हंगामी कामगार, तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार, ट्रॅक्टरमालक, ऊस-केळी-पपई पिकवणारा शेतकरी, डेअरीला दूध घालणारी बाई, या सगळ्यांकडे त्या वर्षाचे काही ना काही कागद साठलेले असतात. इन्कम टॅक्सचा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘आपलं उत्पन्न ते केवढं, आपला काय संबंध?’

कर लागत नाही, हे यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत खरेच आहे. तरीही संबंध आहे. ज्याला एक रुपयाही कर लागत नाही, त्याच्या बिलातून, ठेवीच्या व्याजातून, पीएफमधून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला कर, कापला जातो आणि त्याच्या नावाने सरकारजमा होतो. हा पैसा आपोआप परत येत नाही. त्यासाठी रिटर्न, म्हणजे आयकर विवरणपत्र, भरावे लागते. मोठ्या माणसाकडे सीए असतो, कमी उत्पन्नाच्या माणसाकडे नसतो. म्हणून ही तयारी त्याने स्वतः समजून घेणे जास्त गरजेचे आहे.

मर्यादा कोणती?

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असला, तरी या वर्षाचे रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्याखालीच भरायचे आहे.

आता नवीन करप्रणाली ही मूळ प्रणाली धरली जाते. तिच्यात ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के आणि १२ लाखांपर्यंत १० टक्के अशी चढती भाजणी आहे. मात्र एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपेक्षा जास्त नसेल, तर कलम ८७अ खाली ६० हजारांपर्यंतची सूट मिळते आणि कर शून्यावर येतो. पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते.

यात एक बारकावा आहे. १२ लाखांपर्यंत कर नाही, याचा अर्थ १२ लाखांपर्यंत रिटर्न नाही, असा होत नाही. सूट ही रिटर्न भरून मागायची गोष्ट आहे. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरणे बंधनकारक होते, मग कर शून्य येवो.

४ लाखांच्या आतल्या माणसालाही काही वेळा रिटर्न भरावेच लागते. वर्षभरात त्याच्या नावावर २५ हजार किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल (६० वर्षांवरील व्यक्तीसाठी ही मर्यादा ५० हजार), व्यवसायाची उलाढाल ६० लाखांच्या वर असेल, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा अधिक जमा झाले असतील, अथवा विजेचे बिल वर्षाला १ लाखाच्या पुढे गेले असेल, तर रिटर्न चुकत नाही. तोडणी-वाहतुकीच्या धंद्यातली माणसे यातल्या पहिल्या अटीत नेमकी अडकतात. त्यांचे उदाहरण पुढे पाहू.

शेतीचे उत्पन्न माफ आहे, पण

शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळण्याची पद्धत १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. आजच्या राज्यघटनेनुसार शेती उत्पन्नावर कर लावायचा विषय राज्यांकडे आहे आणि केंद्राच्या आयकरात हे उत्पन्न कलम १०(१) खाली माफ आहे. उसाचे बिल, केळी-पपईची पट्टी, कापूस-मिरचीचे पैसे हे सगळे शेतीचे उत्पन्न. जमीन शेतीसाठी खंडाने दिली तर तो खंडही शेतीचाच, आणि रोपवाटिकेतली रोपे विकून आलेला पैसाही शेतीचाच.

घोटाळा होतो तो शेतीच्या कडेने येणाऱ्या पैशात. दुधाचा धंदा आणि कुक्कुटपालन ही कायद्याच्या दृष्टीने शेती नव्हे. आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात भाड्याने चालवला तर ते भाडे व्यवसायाचे उत्पन्न होते. कारखान्यात किंवा बँकेत ठेवलेल्या ठेवीवरचे व्याज आणि शेअरवरचा लाभांश ‘इतर उत्पन्ना’त जातात. ठेव उसाच्या पैशातून झाली म्हणून तिचे व्याज माफ होत नाही.

दुसरा प्रश्न असा की शेतीचे उत्पन्न माफ असले तरी ते दाखवायचे का? दाखवायचे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त आणि शेतीबाहेरचे उत्पन्न ४ लाखांपेक्षा जास्त असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरते दोन्ही एकत्र मोजतात. समजा एका नोकरदाराचे पगाराचे करपात्र उत्पन्न ६ लाख आणि शेतीचे ५ लाख आहे. ११ लाखांवरचा कर ५० हजार येतो. त्यातून ९ लाखांवरचा, म्हणजे शेतीचे ५ लाख अधिक माफीचे ४ लाख एवढ्यावरचा, ३० हजार कर वजा करायचा. उरले २० हजार. पण या माणसाचे करपात्र उत्पन्न ६ लाखच आहे, म्हणून ८७अ ची सूट लागू होते आणि हे २० हजारही माफ होतात. शेती दाखवल्याने त्याचे काहीच नुकसान झाले नाही. लपवली असती, तर खात्यात जमा झालेले उसाचे ५ लाख कुठून आले, हे उद्या सांगावे लागले असते.

फॉर्म निवडताना हीच गोष्ट आडवी येते. पगारदारांसाठीचा सोपा ‘सहज’ फॉर्म (आयटीआर-१) आणि छोट्या व्यावसायिकांचा ‘सुगम’ (आयटीआर-४) हे दोन्ही शेतीचे उत्पन्न ५ हजारांच्या आत असेल तरच चालतात. त्याहून जास्त शेती असलेल्या पगारदाराने आयटीआर-२ आणि व्यावसायिकाने आयटीआर-३ भरायचा असतो. नंदुरबार जिल्ह्यात नोकरदाराच्या घरीही शेती असते, त्यामुळे ‘सहज’ इथे वाटतो तेवढा सहज लागू होत नाही.

आदिवासींना आयकर माफ आहे का?

नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी समाज बहुसंख्य आहे, आणि ‘एसटीला इन्कम टॅक्स नसतो’ हे वाक्य तिथे सहज कानावर पडते. ते या जिल्ह्यापुरते चुकीचे आहे. कलम १०(२६) मधली माफी ईशान्येकडची ठरावीक राज्ये, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतले भाग आणि लडाख येथे राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना, त्या भागात मिळालेल्या उत्पन्नापुरती आहे. सातपुड्याचा अनुसूचित भाग पाचव्या अनुसूचीत मोडतो. त्यामुळे इथल्या आदिवासी शिक्षकाला, पोलिसाला, ठेकेदाराला बाकीच्यांसारखेच नियम लागू आहेत. या गैरसमजापोटी रिटर्न न भरणाऱ्याचा परतावाही बुडतो.

ठेकेदाराचे बिल आणि २६ हजारांची गोष्ट

आता तोडणी-वाहतुकीचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच आहे. एका ठेकेदाराच्या नावावर हंगामात २६ लाखांचे बिल निघाले. यातला मोठा भाग टोळीतल्या कोयत्यांचा (तोडणी मजुरांचा), डिझेलचा, ड्रायव्हरचा, टायरचा आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याचा. पण बिल त्याच्या नावावर आहे, म्हणून कलम १९४सी खाली १ टक्का टीडीएस त्याच्या पूर्ण बिलावर कापला गेला: २६ हजार रुपये. सगळे वाटून-भागवून त्याच्या हाती वर्षाला २ लाख १० हजार उरले.

उत्पन्न ४ लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. पण टीडीएस २५ हजारांच्या वर गेला, म्हणजे रिटर्न बंधनकारक. आणि रिटर्न भरले की कापलेले २६ हजार पूर्ण परत. छोट्या व्यावसायिकासाठी कलम ४४एडी ची सोय आहे: बँकेतून आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के, रोखीने आलेल्याच्या किमान ८ टक्के नफा दाखवला, तर सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. २६ लाखांचे ६ टक्के १ लाख ५६ हजार होतात. पण प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, म्हणजे इथे २ लाख १० हजार. फक्त कमिशनवर काम करणाऱ्या मुकादमाला मात्र ही सोय नाही. त्याला जमा-खर्च मांडावाच लागतो.

या धंद्यात कागद तीन ठिकाणी हुकतात. पहिले म्हणजे पॅन. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, करार भावाच्या नावावर आणि काम पाहणारा तिसराच, असे असेल तर टीडीएस ज्याचा पॅन कार्यालयात दिला आहे त्याच्याच नावावर जमा होतो. परतावाही त्यालाच मागता येतो. दुसरे म्हणजे कोयत्यांना दिलेली उचल. ती वहीत तारखेसह लिहिलेली, सही-अंगठा घेतलेली किंवा खात्यावरून दिलेली हवी. टोळी उचल घेऊन आलीच नाही आणि तोटा झाला, तर तो तोटा अशा नोंदींशिवाय सिद्ध होत नाही. तिसरे, ज्याच्याकडे १० किंवा त्याहून कमी मालवाहू वाहने आहेत आणि जो वाहतुकीचेच काम करतो, त्याने आपल्या पॅनसह तसे लेखी घोषणापत्र आधीच दिले, तर वाहतुकीच्या बिलातून टीडीएस कापायचा नसतो. हा कागद हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यायचा असतो.

कामगार, पीएफ आणि ठेवी

कारखान्यातल्या कायम किंवा हंगामी कामगाराचा मुख्य कागद म्हणजे फॉर्म १६, कारखान्याने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला. हंगामाबाहेरच्या काळातला रिटेन्शन अलाउन्सही पगारातच धरला जातो. मागच्या वर्षांचा थकीत पगार एकदम हातात पडला आणि त्यामुळे कर वाढला, तर कलम ८९ ची सवलत मागता येते. त्यासाठी रिटर्नच्या आधी आयकर विभागाच्या पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो.

नोकरीची पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पीएफ काढला आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असली, तर सहसा १० टक्के टीडीएस कापतात. बँकेच्या व्याजावर वर्षाला ५० हजारांच्या पुढे, ज्येष्ठ नागरिकांना १ लाखाच्या पुढे, टीडीएस लागतो. दर १० टक्के; पॅन दिला नसेल तर २० टक्के. ज्याचा वर्षाचा कर शून्य येणार आहे त्याला फॉर्म १५जी, ज्येष्ठांना १५एच, आधीच देऊन ही कपात थांबवता येते. १ एप्रिल २०२६ नंतरच्या व्याजासाठी नव्या कायद्यातले फॉर्म लागतात, म्हणून कोणता फॉर्म चालतो ते बँकेत विचारून घ्यावे.

योजना बंद पडेल ही भीती

रिटर्न भरले की पीएम-किसानचे हप्ते थांबतील, लाडकी बहीणचे १,५०० रुपये जातील, या धास्तीने लोक हक्काचा परतावा सोडून देतात. नियमाचे शब्द नीट पाहिले पाहिजेत. पीएम-किसानमधून वगळले जातात ते मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेले लोक. लाडकी बहीणमध्ये कुटुंबात आयकरदाता नसावा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, अशा अटी आहेत. शून्य कराचे रिटर्न भरणे म्हणजे आयकर भरणे नव्हे. उलट, टीडीएस कापला गेला आणि परत मागितलाच नाही, तर आपल्या पॅनवर कर जमा झाल्याची नोंद तशीच राहते.

मात्र उत्पन्नाच्या मर्यादेची अट वेगळी आहे, ती लपवाछपवीने सुटत नाही. तहसीलच्या दाखल्यात ५० हजार आणि रिटर्नमध्ये साडेतीन लाख, असे दोन आकडे एकाच माणसाच्या नावावर असू नयेत. कर्जासाठी उत्पन्न वाढवून दाखवणे आणि दाखल्यासाठी घटवून दाखवणे, दोन्ही पुढे अंगाशी येते. खरा आकडा एकच ठेवावा.

बसण्याआधी काय जमवायचे

पहिली तपासणी पॅन आणि आधारची. आधारशी न जोडलेला पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला जातो. त्यावर टीडीएस जास्त दराने कापला जातो आणि परतावा अडकतो. जोडणीसाठी आता १ हजार रुपये शुल्क आहे. जोडणी बहुधा फसते ती नावाच्या स्पेलिंगवर. वळवी, वसावे, पावरा अशी आडनावे इंग्रजीत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने लिहिलेली असतात, वडीलधाऱ्यांच्या आधारवर जन्मतारखेऐवजी नुसते वर्ष असते. ही दुरुस्ती जुलैत करायला घेतली तर वेळ पुरत नाही. ती एप्रिल-मेमध्येच उरकावी.

दुसरी गोष्ट मोबाइल आणि बँक. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. परतावा ज्या खात्यात हवा ते खाते आपल्या नावाचे आणि पोर्टलवर पडताळलेले असावे.

तिसरी गोष्ट पोर्टलवरचे दोन उतारे: फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. आपल्या पॅनवर कोणी किती टीडीएस भरला, व्याज किती मिळाले, मोठे व्यवहार कोणते झाले, हे सगळे तिथे दिसते. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचा तपशील भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. म्हणून जूनच्या मध्यानंतर रिटर्न भरायला बसणे चांगले. आपल्याकडच्या पावत्यांशी तो उतारा ताडून पाहावा. टीडीएस कापला पण दिसत नाही, किंवा भलत्याच पॅनवर गेला, तर तो कापणाऱ्या कार्यालयाकडूनच दुरुस्त होतो; आपण रिटर्नमध्ये आकडा घालून भागत नाही.

घरच्या एका पिशवीत एवढे कागद हवेत: सर्व खात्यांची वर्षभराची उतारापत्रके, सातबारा आणि आठ-अ, उसाची वजनपावती आणि बिल, बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची पट्टी, बियाणे-खते-मजुरीच्या पावत्या, दुधाची बिले, फॉर्म १६ आणि १६ए, कर्जाच्या व्याजाचे प्रमाणपत्र. हे कागद रिटर्नला जोडायचे नसतात. विचारणा झाली तर दाखवायचे असतात.

कुणाकडून भरून घ्यायचे

गावातल्या सेवा केंद्रावर किंवा ओळखीच्या सल्लागाराकडून रिटर्न भरून घेण्यात गैर काही नाही. पण मोबाइल क्रमांक आणि ई-मेल आपलेच द्या, पासवर्ड आपल्याकडे लिहून ठेवा. भरणाऱ्याने स्वतःचा क्रमांक घातला, तर आयकर विभागाची नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही.

‘परतावा जास्त काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खोट्या देणग्या, खोटे घरभाडे, न काढलेला विमा दाखवून हे परतावे काढले जातात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर अशाच खोट्या वजावटींविरुद्ध मोहीम उघडली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो एजंटला होत नाही, ज्याच्या नावाचे रिटर्न आहे त्याला होतो.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करावे. ते राहिले तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते. नेहमीची मुदत ३१ जुलै. व्यवसाय असणाऱ्यांसाठी वेगळी तारीख असल्यास ती पोर्टलवर दिसते, पण ३१ जुलै धरून चालणारा फसत नाही. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर सहसा विलंब शुल्क नाही, ५ लाखांपर्यंत १ हजार, त्यापुढे ५ हजार. ३१ डिसेंबरही हुकली तर परताव्यासाठी विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि तोही पाच वर्षांच्या आत. पोर्टलची मदतवाहिनी १८०० १०३ ००२५ या क्रमांकावर फुकट आहे.

अमेरिकेत १९६९ पासून स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न मोफत भरून देतात, आणि त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. आपल्याकडेही २००६ मध्ये सुशिक्षित तरुणांना शिकवून ‘कर विवरणपत्र तयारकर्ते’ घडवण्याची योजना निघाली होती. शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांत वाणिज्य शिकणारी मुले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे आई-वडील याच ऊसपट्ट्यात राबतात. जून-जुलैत चार रविवार या मुलांनी, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, कारखाना कामगारांच्या वसाहतीत आणि मुकादमांच्या गावी बसावे. कामगार संघटनांनी, ग्रामपंचायतींनी त्यांना एक खोली आणि इंटरनेट द्यावे. कापलेला कर हा कष्टाच्या कमाईचा भाग आहे. तो घरी आणायला फक्त वेळेवर भरलेले, खरे आकडे असलेले एक रिटर्न लागते. ते यंदा भराच.